टेबलबेस बसवला, पण इंजिन त्याला विचारतंय का? सिझिजी फायली निवडण्यापासून तपासण्यापर्यंत

मे महिन्याची दुपार, कूलरसमोर ठेवलेला लॅपटॉप, आणि उन्हाळी शिबिरातला एक मुलगा माझ्याकडे बघत म्हणतो, "सर, टेबलबेस तर टाकला, पण इंजिन काही वेगळं करूनच नाही राहिलं." फोल्डर उघडून पाहिलं. निम्म्या फायली गायब होत्या, तीन फायलींच्या नावापुढे ब्राउझरने कंसात १ चिकटवलेला होता, आणि इंजिनला दिलेला पत्ता या फोल्डरचा नव्हताच, त्याच्या वरच्या फोल्डरचा होता. इंजिनने तक्रार केली नव्हती, कारण टेबलबेस सापडला नाही तर ते गुपचूप स्वतःच्या डोक्याने खेळत राहतं.

नागपुरात बुद्धिबळ शिकणारी मुलं थोडीथोडकी नाहीत. दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली, तेव्हापासून तर घरोघरी स्टॉकफिश (चाली शोधून देणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, म्हणजेच इंजिन) उतरला आहे. पण टेबलबेसच्या बाबतीत त्याच पाच-सहा चुका मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत असतो. त्या टाळायच्या असतील तर खालचा क्रम मोडू नका. बहुतेक जण सरळ डाउनलोडपासून सुरू करतात आणि तिथेच फसतात.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: पटावर थोडे मोहरे उरले की त्या सगळ्या शक्य स्थिती मातेपासून उलट मागे मोजत जाऊन आधीच सोडवून ठेवता येतात. ती सोडवलेली यादी म्हणजे टेबलबेस. आज जवळपास सगळी इंजिनं सिझिजी नावाचा प्रकार वापरतात. तो रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये आणला. या लेखात त्याचाच विचार केला आहे. मोहरे मोजताना दोन्ही राजे धरायचे, हे आत्ताच डोक्यात बसवा. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती म्हणजे पाच मोहरे, तीन नव्हेत.

टप्पा १: फायली दोन जातींच्या असतात, आधी तो फरक समजून घ्या

सिझिजीच्या प्रत्येक एंडगेमसाठी, म्हणजे उरलेल्या मोहऱ्यांच्या प्रत्येक जुळणीसाठी, दोन फायली असतात. एकीचं शेपूट आरटीबीडब्ल्यू, दुसरीचं आरटीबीझेड.

पहिली डब्ल्यूडीएल फाईल. तिला विचारलं की ती फक्त निकाल सांगते. निकाल पाच प्रकारचे: विजय, बरोबरी, पराभव, आणि मधले दोन. त्यांतला 'कर्स्ड विन' म्हणजे तसा जिंकलेला डाव, पण ५० चालींच्या नियमात (मारामारी किंवा प्याद्याची चाल न होता ५० चाली गेल्या की बरोबरीचा दावा करता येतो) अडकून बरोबरीत जाणारा. त्याचीच उलटी बाजू 'ब्लेस्ड लॉस'. कसं जिंकायचं ते या फायलीला माहीत नसतं.

दुसरी डीटीझेड फाईल. मारामारी किंवा प्याद्याची चाल झाली की ५० चालींचं मोजमाप पुन्हा शून्यावर येतं. तशी पुढची चाल, किंवा थेट मात, किती अंतरावर आहे ते ही फाईल सांगते. रस्ता हिच्याकडून मिळतो.

आता इंजिन यांना कधी विचारतं? बहुतेकांच्या गोंधळाचं मूळ याच प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

पटावरची खरी स्थिती, म्हणजे ज्यावर तुम्ही विश्लेषण लावलं आहे तीच, टेबलबेसच्या मर्यादेत बसत असेल तर इंजिन सुरुवातीलाच डीटीझेड फाईल उघडतं आणि प्रत्येक कायदेशीर चालीला दर्जा देतं. जिंकणाऱ्या चाली वर, बरोबरीच्या त्याखाली, हरणाऱ्या तळाला. पण पटावर अजून आठ-दहा मोहरे असतील तर गोष्ट निराळी. तेव्हा इंजिन लाखो फांद्या तपासत असतं, आणि एखाद्या फांदीत मारामारी होऊन मोहरे मर्यादेत आले की तिथे डब्ल्यूडीएलला विचारून ती फांदी तिथेच संपवतं.

स्टॉकफिश शोधाच्या मधे हा प्रश्न तीन मुख्य अटींवर विचारतो. मोहरे मर्यादेत हवेत. कोणाचाही कॅसलिंगचा हक्क शिल्लक नको, कारण सिझिजीत कॅसलिंग असलेल्या स्थिती साठवलेल्याच नाहीत. आणि आधीची चाल मारामारीची किंवा प्याद्याची हवी, म्हणजे ५० चालींचं घड्याळ शून्यावर असायला हवं. डब्ल्यूडीएलचा निकाल हे घड्याळ शून्यावर आहे असं धरूनच काढलेला असतो. घड्याळ ३० वर असताना त्याला विचारलं तर उत्तर खोटं ठरू शकतं, म्हणून इंजिन विचारतच नाही.

तपासणी: "एकच जात उतरवली तर चालेल का?" या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हाला देता यायला हवं. नुसती डब्ल्यूडीएल असेल तर दहा मोहऱ्यांच्या विश्लेषणाला फायदा होतो, पण प्रत्यक्ष पाच मोहऱ्यांवर आल्यावर इंजिनला जिंकण्याचा रस्ता सापडेलच याची खात्री नसते. दोन्ही घ्या.

टप्पा २: किती मोहऱ्यांचा संच घ्यायचा

तीन ते पाच मोहऱ्यांच्या संचात १४५ एंडगेम, दोन्ही जाती धरून २९० फायली, आकार सुमारे १ जीबी. सहा मोहऱ्यांचे आणखी ३६५ एंडगेम, ७३० फायली, सुमारे १५० जीबी. सात मोहऱ्यांचा पूर्ण संच १६ टीबीहून मोठा आहे. तो घरी ठेवायचा विचार सोडून द्या.

माझं स्पष्ट मत: शाळकरी खेळाडूला आणि क्लबात खेळणाऱ्याला पाच मोहऱ्यांचा संच पुरतो. सहाचा संच बसवल्याने स्टॉकफिशची ताकद तुम्हाला जाणवेल इतकी वाढत नाही. टेबलबेस नसतानाही आजचं इंजिन एंडगेम भयंकर चांगला खेळतं. फायदा होतो तो बरोबरी आणि विजय यांच्या सीमेवरच्या स्थितींचा पक्का निकाल हवा असतो तेव्हा. सहा-सात मोहऱ्यांची एखादीच स्थिती बघायची असेल तर लिचेस या संकेतस्थळाच्या विश्लेषण पटावर सातपर्यंतचा निकाल फुकट दिसतो. फक्त इंटरनेट लागतं.

तरीही सहाचा संच हवाच असेल तर आधी गणित करा. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर १५० जीबी उतरवायला १०० दिवस लागतात. १०० एमबीपीएसच्या फायबरवर कागदोपत्री साडेतीन तास, प्रत्यक्षात एक रात्र धरा. मे महिन्यात पारा ४५ वर असताना दिवसा लॅपटॉप तासन्‌तास चालू ठेवण्यापेक्षा रात्रच बरी.

सावधान: "सहामधल्या मला लागतात तेवढ्याच दोन-चार फायली घेतो" ही काटकसर करू नका. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्तीच्या स्थितीत प्यादं वजीर झालं की वजीर-हत्ती विरुद्ध हत्तीची फाईल लागते. एक हत्ती पडला की आणखी वेगळी. मोठा एंडगेम लहान एंडगेमांच्या खांद्यावर उभा असतो. शिवाय सहा मोहऱ्यांची एक फाईल जरी फोल्डरमध्ये दिसली तरी इंजिन आपली मर्यादा सहा धरतं आणि मग उरलेल्या ३६४ एंडगेमांच्या दारावर जाऊन रिकाम्या हाताने परत येतं.

टप्पा ३: उतरवणं आणि पडताळणं

टॉरेंटने उतरवता येत असेल तर तसंच करा. टॉरेंट प्रत्येक तुकडा स्वतः पडताळून घेतो, आणि मधे वीज गेली तरी थांबलेल्या जागेपासून पुढे सुरू होतो. पहिल्या वळवाच्या सरीबरोबर आपल्याकडे दिवे जातात हे काही सांगायला नको.

ब्राउझरने एकेक फाईल उतरवत असाल तर तीन गोष्टी पाहा.

फायलींची संख्या मोजा. पाचच्या संचात डब्ल्यूडीएल १४५, डीटीझेड १४५. एक कमी नको, एक जास्तही नको. जास्त असेल तर दुहेरी उतरलेली असणार.

नावं बदलू नका. नावातच एंडगेम लिहिलेला असतो: वरचढ बाजूचे मोहरे, मधे व्ही, मग दुसऱ्या बाजूचे. नावात मोकळी जागा, कंसातला आकडा किंवा 'कॉपी' असा शब्द आला की इंजिनच्या दृष्टीने ती फाईल नाहीच. लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरकसुद्धा चालत नाही.

मग एमडी५, म्हणजे फायलीच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, जुळवा. फायली जिथे मिळतात तिथे सहसा प्रत्येक फायलीचा एमडी५ आकडा दिलेला असतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड मुळातच असते, तिने आपल्या फायलीचा आकडा काढून जुळवून पाहता येतो. २९० फायलींसाठी हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण न करण्याची किंमत काय ते ऐका. स्टॉकफिश सुरू होताना फाईल जागेवर आहे की नाही एवढंच बघतो, आत डोकावत नाही. ती फाईल पहिल्यांदा लागते तेव्हाच तो ती उघडतो. म्हणजे अर्धवट उतरलेली फाईल सुरुवातीला "सापडली" म्हणून मोजली जाते, आणि तासाभराने, ऐन विश्लेषणाच्या मध्यात, इंजिन फाईल खराब असल्याचं सांगून बंद पडतं. लोक दोष लॅपटॉपच्या उष्णतेला देतात. माझ्याकडे आलेल्या अशा तीन लॅपटॉपांपैकी दोघांचे पंखे साफ करून झाले होते. कारण दोन्हीकडे एकच निघालं: तुटलेली एक फाईल.

टप्पा ४: फोल्डर आणि पत्ता

ड्राइव्हच्या मुळाशी रोमन अक्षरांतलं लहान, सरळ नावाचं फोल्डर करा. मराठी नावाचं फोल्डर, डेस्कटॉप, डाउनलोड हे सगळं टाळा. डेस्कटॉप तर मुळीच नको. अनेक लॅपटॉपांवर तो आपोआप क्लाउडवर चढत असतो आणि जागा वाचवायला फायली इथून काढून तिकडेच ठेवतो. फाईल दिसते, डिस्कवर मात्र नसते.

आता इंजिनच्या सेटिंगमध्ये 'सिझिजी पाथ' हा पर्याय शोधा. इंजिन चालवायचा पटाचा प्रोग्रॅम अरेना असो, क्यूट चेस असो की दुसरा काही, इंजिनच्या पर्यायांच्या यादीत तो असतोच. लीला हे दुसरं इंजिनही याच फायली वाचतं. तिथे फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यायचा. चुका होतात त्या अशा:

स्टॉकफिश पोटफोल्डरमध्ये शिरत नाही. पाच मोहऱ्यांचं एक आणि सहाचं दुसरं असं फोल्डर असेल तर दोन्ही पत्ते लिहावे लागतात. विंडोजवर मधे अर्धविराम, लिनक्स आणि मॅकवर अपूर्णविराम. हे उलटं केलं की दोन्ही पत्ते मिळून एकच निरर्थक पत्ता होतो.

पत्त्याभोवती अवतरणचिन्हं घालू नका.

आणि पत्ता तुम्ही वापरता त्याच इंजिनला द्या. ऐकायला वेडगळ वाटेल, पण एकाच प्रोग्रॅममध्ये स्टॉकफिशच्या दोन नोंदी असतात, जुनी आणि नवी. पत्ता एकीला दिला जातो आणि विश्लेषण दुसरी करते.

जागेची चणचण असेल तर एक युक्ती आहे. डब्ल्यूडीएल फायली एसएसडीवर ठेवा आणि डीटीझेड फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर. शोधाच्या दरम्यान हजारो वेळा विचारली जाते ती डब्ल्यूडीएल. डीटीझेड फक्त सुरुवातीच्या स्थितीला लागते. सहाच्या संचात डब्ल्यूडीएल साधारण ६८ जीबी आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त भार स्वस्तातल्या डिस्कवर जातो.

तपासणी: इंजिन पुन्हा सुरू करा आणि त्याच्या संदेशांच्या खिडकीत बघा. अलीकडचा स्टॉकफिश डब्ल्यूडीएल आणि डीटीझेड फायली किती सापडल्या ते वेगवेगळं सांगतो. पाचच्या संचाला १४५ आणि १४५, सहासकट ५१० आणि ५१०. जुन्या आवृत्त्या एकच आकडा दाखवतात आणि तो फक्त डब्ल्यूडीएल बघून मोजलेला असतो. म्हणजे जुन्या आवृत्तीत १४५ दिसलं तरी डीटीझेड फोल्डर सापडलं असेलच असं नाही.

टप्पा ५: बाकीचे पर्याय

इथे फार हात घालायची गरज नाही.

'सिझिजी प्रोब डेप्थ' मूळचा १ असतो. फायली एसएसडीवर असतील तर तसाच ठेवा. साध्या हार्डडिस्कवर असतील आणि इंजिनचा वेग पडला असेल तर वाढवा, म्हणजे अगदी टोकाच्या फांद्यांवर ते डिस्क खडखडवणार नाही.

'सिझिजी प्रोब लिमिट' मूळचा ७. सहाचा संच संथ डिस्कवर असेल तर रोजच्या वापरासाठी ५ करून ठेवायला हरकत नाही.

'सिझिजी ५० मूव्ह रूल' चालूच ठेवा. स्पर्धेत तुम्ही याच नियमाखाली खेळता. तो बंद केला की कर्स्ड विनलाही इंजिन विजयच म्हणतं. एंडगेमच्या रचना तयार करणाऱ्यांना त्याचा उपयोग, तुम्हाला नाही.

मेमरीबद्दल एक गैरसमज: हॅश (इंजिनने स्वतःच्या शोधासाठी राखून ठेवलेली मेमरी) वाढवला म्हणजे टेबलबेस वेगात चालतो. उलट आहे. टेबलबेसच्या फायली ऑपरेटिंग सिस्टीम उरलेल्या रिकाम्या मेमरीत धरून ठेवते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर सहा जीबी हॅशला दिले तर फायलींना जागाच उरत नाही आणि प्रत्येक प्रश्नाला डिस्क गाठावी लागते. दोन जीबी हॅश पुष्कळ.

टप्पा ६: चाचण्या, हा टप्पा गाळू नका

चाचणी पहिली. पट रिकामा करून मांडा: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. चाल पांढऱ्याची. ही लुसेनाची प्रसिद्ध मांडणी, पांढरा जिंकतो. विश्लेषण लावा आणि दोन आकडे बघा.

मूल्य अलीकडच्या स्टॉकफिशमध्ये अधिक २०० च्या आसपास दिसेल, किंवा सरळ अमुक चालींत मात. हे २०० म्हणजे दोनशे प्याद्यांची आघाडी नव्हे. "टेबलबेसनुसार जिंकलेला" असं सांगायची ती खूण आहे.

दुसरा आकडा टीबीहिट्सचा, म्हणजे टेबलबेसला किती वेळा विचारलं त्याचा. पांढऱ्याच्या कायदेशीर चाली मोजा. राजाला एकही घर नाही, प्यादं त्याच्याच मागे अडलेलं, सगळ्या चाली हत्तीच्या: उभ्या सात, आडव्या सात, एकूण १४. टीबीहिट्स साधारण १४ वर येऊन थांबतो आणि मग हलत नाही. नेमका इथेच लोकांचा जीव खालीवर होतो, "अडकला वाटते!" अडकलेला नाही. मूळ स्थितीच्या १४ चालींना डीटीझेडवरून दर्जा मिळाला, काम संपलं. आता शोधात पुन्हा विचारायची गरज नाही म्हणून इंजिनने विचारणं बंद केलं. उलट याच स्थितीत हा आकडा भराभर वाढत असेल तर शंका घ्या. डीटीझेड सापडत नाही आणि इंजिन नुसत्या डब्ल्यूडीएलवर काम भागवतंय, असा त्याचा अर्थ.

चाचणी दुसरी. आता दोन्हीकडे एकेक हत्ती, पांढऱ्याची दोन प्यादी, काळ्याचं एक, अशी कुठलीही सात मोहऱ्यांची स्थिती मांडा. पाचचा संच असताना ही स्थिती मर्यादेबाहेरची आहे. इथे टीबीहिट्स वाढत जायला हवा, कारण मारामारी होऊन पाचवर येणाऱ्या फांद्यांना डब्ल्यूडीएल उत्तर देतं. शून्यावरच राहिला तर टप्पा ४ वर परत जा. डावाच्या सुरुवातीला मात्र शून्य दिसणं अगदी स्वाभाविक आहे, तिथे घाबरू नका.

चाचणी तिसरी, कॅसलिंगची. पांढरा राजा ई१, हत्ती एच१, काळा राजा ई५. पट मांडण्याच्या खिडकीत पांढऱ्याच्या छोट्या कॅसलिंगवर टिक राहू द्या. इंजिन मात शोधेल, पण स्वतःच्या बळावर. मूळ स्थितीसाठी टेबलबेसला विचारणार नाही. टिक काढा आणि फरक बघा. हाताने मांडलेल्या स्थितीत राजा आणि हत्ती मूळ घरी असले की काही प्रोग्रॅम ही टिक स्वतःहून लावतात. फेन ओळ (पूर्ण स्थिती एका ओळीत लिहायची पद्धत) वापरत असाल तर तिचा तिसरा भाग कॅसलिंगचा असतो, तिथे नुसती आडवी रेघ हवी.

टप्पा ७: निकाल वाचताना घड्याळ विसरू नका

एका स्पर्धेनंतर एक मुलगा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. उंट आणि घोडा विरुद्ध एकटा राजा, म्हणजे जिंकलेला डाव, आणि पंचांनी बरोबरी दिली. "सर, मोबाइल म्हणून राहिला, १९ चालीत मात आहे. मग ड्रॉ काऊन?" त्याची चालींची नोंदवही घेतली. शेवटचं प्यादं पडलं ५८ व्या चालीला. मोबाइलवर त्याने घातलेली स्थिती ९५ व्या चालीनंतरची. म्हणजे मारामारीशिवाय ३७ चाली आधीच झालेल्या. ३७ आणि १९ मिळून ५६. प्रतिस्पर्ध्याने ५० पूर्ण होताच दावा केला आणि पंचांनी तो मान्य केला, अगदी नियमाप्रमाणे. पोराने स्थिती हाताने मांडली होती, म्हणून मोबाइलने घड्याळ शून्यावर धरलं होतं.

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. फेन ओळीचा पाचवा भाग हा अर्ध्या चालींचा हिशेब असतो, म्हणजे पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून दोन. ३७ चाली झाल्या असतील तर तिथे ७४ लिहायचे. पूर्ण डाव टाकून त्या चालीपर्यंत आलात तर प्रोग्रॅम हे स्वतः मोजतो. नुसती स्थिती मांडलीत तर शून्य घालतो.

स्वतः करून बघा. पांढरा राजा ई१, उंट एफ१, घोडा जी१, काळा राजा ई५, चाल पांढऱ्याची. पाचव्या भागात शून्य ठेवलं तर विजय. उंट-घोड्याने मात करायला जास्तीत जास्त ३३ चाली लागतात, ५० च्या आत बसतं. आता तिथे ९० लिहा. दोघांना मिळून दहा अर्ध्या चाली उरल्या, आणि तेवढ्यात इथून मात होणं शक्य नाही. मूल्य कोसळून शून्याजवळ येईल.

काही एंडगेममध्ये तर घड्याळ शून्यावर असतानाही वेळ पुरत नाही. दोन उंट विरुद्ध एक घोडा, यात काही स्थितींमध्ये घोडा मारायला ६६ चाली लागतात. हत्ती-घोडा विरुद्ध दोन घोडे, यात २४३ पर्यंत. कर्स्ड विन म्हणजे हेच.

डीटीझेडच्या आकड्याबद्दल आणखी एक. तो मातेचं अंतर नाही. "डीटीझेड ७" म्हणजे सात अर्ध्या चालींत मारामारी किंवा प्याद्याची चाल येईल आणि विजय कायम राहील, एवढंच. म्हणून नुसत्या डीटीझेडच्या क्रमाने खेळणारा प्रोग्रॅम कधी विनाकारण प्यादं सरकवतो, कधी एखादा मोहरा देऊन टाकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं याचं डोकं फिरलं. डाव मात्र जिंकलेलाच असतो. स्टॉकफिश तसा सरळ आकड्यामागे धावत नाही. ५० चालींच्या आत बसणाऱ्या सगळ्या जिंकणाऱ्या चालींना तो सारखाच दर्जा देतो आणि त्यांतली निवड स्वतःच्या शोधाने करतो. शिवाय साठवणुकीच्या पद्धतीमुळे काही फायलींत हा आकडा एका अर्ध्या चालीने इकडेतिकडे असू शकतो. सीमेवरच्या स्थितीत एका आकड्यावरून वाद घालू नका.

टप्पा ८: सराव करताना टेबलबेस बंद

पालक हौसेने टेबलबेस बसवतात आणि मुलाला त्या इंजिनविरुद्ध लुसेना खेळायला बसवतात. काळा दुसऱ्याच चालीला हत्ती देऊन टाकतो. मुलगा खूश, शिकला मात्र काही नाही. इंजिनला कळलेलं असतं की सगळ्या चाली हरणाऱ्याच आहेत, मग त्याच्या लेखी कुठलीही चाल सारखीच. माणूस तसा हरत नाही. तो शेवटपर्यंत शह देत राहतो, राजाला आडवा घालतो, वेळ खातो. सरावासाठी सिझिजीचा पत्ता रिकामा केलेली इंजिनची दुसरी नोंद करून ठेवा आणि तिच्याविरुद्ध खेळा.

डाव संपला की टेबलबेसवाली नोंद लावा आणि शेवटापासून उलट चाला. निकाल 'विजय'वरून 'बरोबरी'वर जिथे पहिल्यांदा घसरला ती चाल शोधा. तिच्या आधीची स्थिती कागदावर उतरवून घ्या, इंजिन बंद करा, आणि ती एकच स्थिती दोन्ही बाजूंनी पुन्हा खेळा. स्थिती मांडताना कॅसलिंगची टिक आणि घड्याळाचा आकडा बघायला विसरू नका.